कुणाच्या पेशी

आमच्या प्रयोगशाळेत मी ‘नॉर्मल’ होते. माझा स्वभाव माहीत असलेलं कुणीही हे मान्य करणार नाही, पण हा मान स्वभावाला नव्हता, कातडीला होता.

त्याचं असं झालं. प्रयोगशाळा नवी होती तेव्हा आजारी माणसांच्या पेशींशी ताडून बघायला आमच्या प्रमुख मॅडमना एखाद्या धडधाकट माणसाच्या पेशी हव्या होत्या. असा माणूस बाहेरून आणायचा म्हणजे परवानग्यांचं शुक्लकाष्ठ मागे लागतं. अशा वेळी प्रयोगशाळेतलंच कुणीतरी बाही वर करतं. मी केली. कोपराच्या खाली, आतल्या बाजूला, मसुराएवढा तुकडा निघाला. त्यातल्या पेशी बशीत वाढवल्या, छोट्या कुप्यांमध्ये भरल्या आणि द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवल्या. कुपीवर नाव घालायचं नसतं, म्हणून नॉर्मलचा नुसता ‘न’ घातला. कुणाच्या पेशी, ते फक्त मॅडमना आणि मला माहीत. पुढे ते सगळ्यांना कळलंच म्हणा, कारण ही गोष्ट मी चारचौघांत सांगितल्याशिवाय राहिले नाही.

तेव्हापासून आमच्याकडचा प्रत्येक रोगी माझ्या शेजारी उभा राहिला. मॅडम कुठंही भाषणाला गेल्या की पडद्यावर डावीकडे रोग्याच्या पेशी आणि उजवीकडे माझ्या. ‘आणि हे नॉर्मल,’ असं त्या म्हणायच्या आणि मी शेवटच्या रांगेत बसून उगाच पदक मिळाल्यासारखी खूश व्हायचे. मला कुणी दुसरं काही बक्षीस दिल्याचं आठवत नाही.

माझं काम फोटो काढण्याचं. मायक्रोस्कोपची खोली म्हणजे खिडकी नसलेली, काळ्या पडद्याची, आमच्या मजल्याच्या टोकाची खोली. पेशींना चमकणारे रंग लावलेले असतात आणि ते अंधारातच दिसतात, त्यामुळे बाहेर लख्ख दुपार असली तरी मी आपली काळोखात. काम चालू असलं की दारावर लाल दिवा लावायचा. तो दिसला की कुणी दार वाजवत नाही. सुरुवातीला मला त्याचं फार बरं वाटायचं. नंतर नंतर मी तो दिवा मुद्दाम लावायचे नाही. तरीही दार कुणी वाजवलं नाही. मग पुन्हा लावायला लागले, म्हणजे निदान कारण तरी असतं.

मी काय बघायचे ते सांगते. पेशीच्या पोटात केंद्रक असतं आणि केंद्रकाच्या पोटात आपली सगळी जनुकं. लोक जनुकांचं कौतुक करतात. पण ती जनुकं ज्या पिशवीत असतात ती पिशवी आकारात कशी राहते, हे कुणी विचारत नाही. तिच्या आवरणाला आतून एक बारीक जाळी लागलेली असते. ती ज्या प्रथिनाची विणलेली असते त्याला लॅमिन म्हणतात. हे प्रथिन काही चमत्कार करत नाही. ते फक्त धरून ठेवतं. स्नायू ओढला गेला, हृदय आकसलं की केंद्रकही दाबलं जातं, आणि तो दाब ही जाळी सोसते. जाळी चांगली असेल तर केंद्रक अंड्यासारखं गुळगुळीत. विणताना एक धागा चुकला तर त्याला कुठंतरी फुगवटा येतो, भोकं पडतात, आणि ज्या अवयवाला सतत काम आहे तो आधी थकतो. हृदयाला तर सुट्टीच नसते.

मॅडमनी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा मी मनात म्हटलं, हे तर बाबांचं काम.

बाबा आपल्या दुकानात वेताच्या खुर्च्या विणायचे. ‘खुर्ची लाकडावर उभी असते, पण माणूस बसतो विणीवर,’ असं ते गिऱ्हाइकाला ऐकवायचे, आणि गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की दोनदा ऐकवायचे. त्यांची नाडी फार संथ. डॉक्टर म्हणायचे, खेळाडूची नाडी आहे. हे बाबांनी आल्यागेल्याला इतकं सांगितलं, की दादा आणि मी त्यांच्या मागे ओठ हलवून ते वाक्य म्हणायचो. माझीही नाडी तशीच निघाली तेव्हा बाबांनी मनगट धरून दादाला बोलावलं, ‘बघ, भिंगरीनं घेतली माझी.’ भिंगरी मी. दादाची नाडी त्याच्यासारखीच, सदा घाईत.

आता जिन्यांचं सांगायला हवं. मी चौथ्या मजल्यावर राहते आणि इमारतीला लिफ्ट नाही. माझ्याकडे बाबांनीच विणलेली एक खुर्ची होती, तिची बैठक फाटली. बाबांना म्हटलं, दुरुस्त करून द्या. ती झाल्यावर दादा रविवारी घेऊन येणार होता. पण बाबांना धीर कुठला. स्वतःच खांद्यावर घेऊन आले. तिसऱ्या मजल्यापर्यंत ठीक. पुढच्या वळणावर त्यांनी खुर्ची खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. मी आवाज ऐकून दार उघडलं, वरूनच त्यांचा टकलाचा चांदवा दिसला. मला वाटलं, दम खातायत. मी म्हटलं, ‘बाबा, चहा टाकू का?’

उत्तर आलं नाही. मी चहा टाकला. नंतर खाली गेले.

दादा आला तेव्हा जिन्यात शेजारीपाजारी जमले होते. सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, ‘लिफ्ट नसलेल्या घरात राहायची हौस तुझी, आणि खुर्च्या वाहायच्या त्यांनी. तू मारलंस त्यांना.’ त्यानंतर तो माझ्या घराची पायरी चढला नाही. वहिनी अधूनमधून फोन करते. तो शेजारीच बसलेला असतो. मला त्याचा खोकला ऐकू येतो. मी त्या खोकल्यावरून त्याची तब्येत ओळखायला शिकले होते. बाबा गेल्यावर त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर लिफ्ट असलेलं घर घेतलं. राहतो पहिल्या मजल्यावर.

मी मात्र घर सोडलं नाही. सोडलं असतं तर त्याचं म्हणणं मीच मान्य केल्यासारखं झालं असतं. खुर्ची खिडकीपाशी आहे. मी तिच्यावर बसत नाही, तिच्यावर कपडेही टाकत नाही. आणि रोज कामावरून येताना त्या वळणावरून वर जाते. पायरीला काय, ती कुणालाही सोसते. मला काही ती सोसली नाही. मनातून मला दादाचं म्हणणं खरं वाटायचं.

तर, आमच्याकडे एक नवीन संशोधक आला होता. चालणं, बोलणं, काम, सगळं वाऱ्यासारखं, म्हणून सगळे त्याला तुफान म्हणत. लॅमिनला नेमकं चिकटणारा एक नवा रंग त्यानं मागवला. आधीचे रंग नुसती जनुकं उजळायचे. यानं जाळीचा धागा न् धागा दिसणार होता. एके सकाळी तो पडदा सारून आत आला.

‘ताई, तुमचं नॉर्मल खराब झालंय.’

‘माझं नॉर्मल खराब होत नाही. रंग लावल्यावरचं तुझं धुणं धड नसेल.’

‘तीनदा धुतलंय.’

‘घाईघाईत तीनदा धुणं म्हणजे एकदाही न धुणं. ठेव तिथं.’

तो गेल्यावर मी काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. बरीचशी केंद्रकं ठीक होती, हिरवी, गुळगुळीत. आणि मधूनमधून एखादं असं, की एका बाजूनं फुगून आलेलं, आणि त्या फुगवट्यावरची जाळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी विरळ. बसणाऱ्यानं गुडघा रोवल्यावर वेताची बैठक फाटते ना, अगदी तशी. मी त्या पोराला आणखी दोन शिव्या घातल्या आणि सगळं काम स्वतः पुन्हा केलं. टाकीतली सगळ्यात जुनी कुपी काढली, म्हणजे पेशी म्हाताऱ्या झाल्यात असं म्हणायला जागा नको. माझ्या हातानं वाढवल्या, माझ्या हातानं रंगवल्या, धुवायला माझा स्वतःचा वेळ लावला.

तेच दिसलं.

मग मी जुने फोटो काढून बसले. आणि तिथं माझं मलाच हसू आलं, वाईट हसू. फोटो काढायला केंद्रकं मीच तर निवडायचे. आमच्या धंद्यात सगळेच हे करतात आणि कुणालाच ते कळत नाही: रोग्याच्या पेशींत एखादं वेडंवाकडं केंद्रक दिसलं की झटकन फोटो, आणि नॉर्मलमध्ये दिसलं की, ‘असेल एखादी पेशी मरायला टेकलेली,’ म्हणून काच पुढे सरकवायची. नॉर्मल म्हटल्यावर ते नॉर्मलच असणार ना! इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या पेशींत जे शोधत होते ते माझ्याच पेशींत दिसलं की नजर वळवत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि कोपराखालचा तो पांढरा वण बघून दुसरी म्हण आठवली: हात दाखवून अवलक्षण. ही तर माझ्यासाठीच केली असावी.

मॅडम आल्या. तुफान त्यांच्या मागे, मान वर करून, कारण त्याचं धुणं बरोबर ठरलं होतं. मॅडमनी डोळे लावले आणि बराच वेळ काढले नाहीत. मग म्हणाल्या, ‘ह्या कुणाच्या पेशी?’

त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्या मला विचारत नव्हत्या, बहुतेक देवाला विचारत होत्या.

तुफान म्हणाला, ‘मॅडम, नॉर्मलच आहे, ताईंचंच,’ आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं. त्याला मी पहिल्यांदाच थांबलेलं पाहिलं. मॅडमनी त्याला बाहेर पाठवलं, अंधारातच चाचपडत माझं मनगट धरलं आणि नाडीवर बोट ठेवलं.

‘चक्कर येते का तुला?’

‘अंधारातून उजेडात गेलं की येतेच की सगळ्यांना.’

‘मला येत नाही,’ मॅडम म्हणाल्या.

पुढचं सरळ होतं. रक्ताच्या तपासणीत लॅमिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक सापडला. हृदयाच्या आलेखात ठोक्याचा निरोप वरून खाली पोचायला उशीर होत होता. बाबांची खेळाडूची नाडी म्हणत ती हीच. डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान, पण शांत बाई. म्हणाल्या, ‘हृदय कधीही लय चुकवू शकतं. छातीत गळपट्टीच्या हाडाखाली यंत्र बसवू, लय चुकली की ते धक्का देऊन ताळ्यावर आणतं. तोवर ओझं उचलायचं नाही, जिने फार चढायचे नाहीत. घरी जिने आहेत?’

‘आहेत थोडे.’

‘घरी कोण असतं?’

‘मी असते.’

त्यांनी मान वर करून पाहिलं, काही लिहिलं नाही. मग कागदावर आमचं घराणं काढलं: पुरुषाला चौकोन, बाईला गोल. बाबांच्या चौकोनावर तिरपी रेघ, गेल्याची खूण. माझा गोल त्यांनी पेननं भरून काळा केला. शेजारी दादाचा चौकोन, त्यात प्रश्नचिन्ह. त्याच्याखाली त्याच्या मुलीचा गोल. ‘बाबांकडून आलं असणार,’ त्या म्हणाल्या. ‘ते अचानक गेले ना? मग तुमच्या भावाला असण्याची शक्यता निम्मी. असेल तर मुलीचंही बघावं लागेल. त्यांना लवकर सांगा. अशा माणसानं जड काम करणं धोक्याचं असतं.’

दादा बाबांच्याच दुकानात रोज सागवानी कपाटं ढकलतो.

त्या दिवशी जिने हळूहळू चढले. वळणावर थांबले. बाबा बसले होते तिथं उभी राहिले, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. इतका आनंद झाला की कठड्याला धरावं लागलं. माझे जिने नव्हते. माझी खुर्ची नव्हती. बाबांच्या हृदयातली वीणच कच्ची होती, ती दुकानात बसल्या जागीही उसवली असती. इतकी वर्षं मी ज्या वळणावर मान खाली घालून चालले तिथं मी मोकळेपणानं रडले. वरच्या मजल्यावरून कुणीतरी कुलूप लावत खाली आलं, मी नाक पुसून ‘सर्दी’ म्हणाले.

रविवारी सकाळी फोन केला. वहिनीनं घेतला. ‘दादाला दे,’ म्हटल्यावर ती इतकी घाबरली, की कुणी गेलं का, असंच विचारलं तिनं. मग बराच वेळ नुसता खोकला.

‘बोल,’ दादा म्हणाला.

मी सांगितलं. आधी पेशींतल्या जाळीचं, मग हृदयाचं. मी त्याला वेताच्याच भाषेत सांगितलं: पट्टी दिसायला चांगली असते, विणली पण जाते, पण मुळात कच्ची, वर्षानुवर्षं भार सोसते आणि एक दिवस बसल्या बसल्या तुटते. बाबांना ते होतं, असं दिसतंय. तुला असू शकतं. नुसतं रक्त द्यायचं आहे.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘म्हणजे जिन्यानं काही झालं नाही.’

त्याचा आवाज चढला.

‘म्हणजे मी उगाच बोललो तुला. हेच ना? इतक्या वर्षांनी हे ऐकवायला फोन केलास.’

वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. होय दादा, उगाच बोललास. लोकांच्या देखत बोललास. त्या वाक्यासाठी मी किती वर्षं ते जिने चढले होते! पण मी त्याची बहीण आहे, मी त्याला ओळखते. मी ते म्हटलं असतं तर त्यानं फोन ठेवला असता आणि तपासणीला कधीच गेला नसता. कारण तपासणीला जाणं म्हणजे मला दोषातून सोडवणं. दादा हट्टानं कपाटं ढकलत राहिला असता, आणि एक दिवस वहिनीचा फोन आला असता.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘बाबा जिने चढले नसते तर त्या दिवशी गेले नसते. जिने माझेच. खुर्ची पण मीच दुरुस्तीला दिली होती. ते काही बदलत नाही. तू फक्त रक्त दे.’

पलीकडे आता खोकलासुद्धा नाही.

‘बाबांचं रक्त कुठून मिळालं तुमच्या लोकांना?’

‘जुने नमुने असतात ठेवलेले.’ खोटं बोलणं मला जमत नाही, पण फोनवर तोंड दिसत नाही. माझंच सापडलं असं सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं, दयेची भीक मागतेय.

‘कच्च्या पट्टीची खुर्ची आधी कुरकुरते,’ दादा म्हणाला. ‘मला काही कुरकुरत नाही.’

‘बाबांचं कुरकुरलं होतं का?’

तो खोकला. मग म्हणाला, ‘पत्ता पाठव,’ आणि फोन ठेवला.

मी तसाच फोन हातात धरून उभी. तो जाणार होता, मी जिंकले होते. आणि ज्यासाठी वळणावर रडले होते ते मी माझ्या हातानं परत देऊन टाकलं होतं. घरात इतकी शांतता होती की शेजारच्यांच्या भांड्यांचा आवाज येत होता. एकटं वाटणं मला नवीन नाही, पण त्या दिवशी ते अंगावर आलं.

नंतरच्या दिवसांत प्रयोगशाळेला नवा नॉर्मल मिळाला. तुफाननं बाही वर केली. त्याच्या पेशींचे फोटो मीच काढले. केंद्रकं अगदी गुळगुळीत, एक सुरकुती नाही. मी म्हटलं, ‘आत काही नसलं की असंच दिसतं,’ तर तो बिचारा हसलासुद्धा नाही, म्हणाला, ‘ताई, पाणी आणू का?’ हे असलं बघून मला जास्त राग यायचा. आता लाल दिवा असला तरी सगळे दार वाजवायचे, बरी आहेस का म्हणून विचारायला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं, तर ते असं.

माझ्या कुप्या मॅडमनी टाकून दिल्या नाहीत. टाकीतल्या नॉर्मलच्या खणातून काढून त्यांनी त्या रोग्यांच्या खणात ठेवल्या. ‘न’ पुसून नंबर घातला. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, थंड वाफेच्या ढगात हात घालून मॅडम उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. रोग्यांना नाव नसतं आमच्याकडे. मला तेव्हा पहिल्यांदा त्या सगळ्या नंबरांबद्दल वाटलं, की ह्यांच्या घरी कोण असेल?

दादानं रक्त दिल्याचं वहिनीकडून कळलं. अहवालाला वेळ लागतो. यंत्र बसवायची माझी तारीख पुढच्या आठवड्यातली निघाली. दवाखान्यातून घरी न्यायला माणूस लागेल म्हणाले. मी एक पगारी बाई ठरवून टाकली. दादाला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी त्याच्याच अहवालाची वाट पाहत होते. रात्री अंथरुणावर पडलं की त्या कागदावरचा चौकोन दिसायचा, प्रश्नचिन्हाचा, आणि त्याच्याखालचा छोटा गोल. माझी भाची दोरीवरच्या उड्या फार छान मारते, असं वहिनी सांगते. मी पाहिलेल्या नाहीत.

शनिवारी दुपारी फोन वाजला. दादाचा होता, त्याच्या स्वतःच्या फोनवरून.

‘माझं काही नाही,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘नाही सापडलं काही. पोरीचं बघायचीसुद्धा गरज नाही म्हणाल्या.’

मी जी पहिली वस्तू हाताला लागली तिच्यावर बसले. ‘बरं झालं,’ मी म्हणाले. ‘फार बरं झालं रे दादा.’ मला वाटलं, आता तो फोन ठेवेल. त्यानं ठेवला नाही.

‘त्या डॉक्टरबाईंनी एक चित्र दाखवलं. चौकोन आणि गोल.’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘बाबांचा चौकोन होता. माझा रिकामा ठेवलाय. त्याच्या शेजारी एक गोल आहे, काळा केलेला.’ तो खोकला. हा खोकला मला ओळखता आला नाही. ‘कुणाच्या पेशी होत्या गं त्या?’

‘माझ्या.’

दुकानात कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं ‘थांब रे’ म्हटलं.

‘आणि ते जिने तू रोज चढतेस?’

‘हळू चढते.’

‘हळू चढते म्हणे. अक्कल आहे का तुला? अजिबात खाली उतरू नकोस. पिशवी भर. मी येतोय.’

‘दादा, कशाला?’

‘कशाला काय? आमच्याकडे लिफ्ट आहे,’ तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी बाबांच्या खुर्चीवर बसले आहे. बैठक जराही कुरकुरली नव्हती. मी उठले नाही.

पिशवी काही भरली नाही. दार उघडून चौकटीत उभी राहिले. खूप वेळानं खाली पावलं वाजली, दादाची, घाईची. पहिला मजला, दुसरा. तिसऱ्यानंतर ती मंदावली, आणि त्या वळणावर येऊन थांबली. कठड्यावरून वाकून पाहिलं तर त्याच्या डोक्याचा चांदवा दिसला, त्यालाही आता टक्कल पडलंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तो खाली मान घालून उभा होता. पुढे येईना. त्याचा अहवाल चांगला आहे, हे मला माहीत होतं, तरी मी कठडा घट्ट धरला.

‘दादा,’ मी वरून म्हणाले, ‘चहा टाकू का?’

त्यानं नाक ओढलं, तोंडावरून हात फिरवला, आणि वर पाहिलं.

‘टाक,’ तो म्हणाला. ‘टाक भिंगरे. येतोय मी.’